तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

सोलबर्ग, उत्तर डाकोटा
९ मार्च २००९

चि. नील्स,

आत्याचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं समजून घाबरू नकोस. जो जायचा तो ऑक्टोबरात गेला. तुझ्या बाबांच्या अंत्यविधीला मी आले नाही, आणि त्यावर आज काही लिहिणारही नाही. आज कामाचं बोलायचं आहे.

तुझ्या आजोबांची तीनशे वीस एकर शेती तुझ्या बाबांनी आणि मी १९८५ साली घरासकट पाल्मर ओडेगार्डला विकली, हे तुला ठाऊक असेल. पण विकली ती फक्त वरची माती. खाली जे काही निघेल ते आम्हा भावंडांचंच राहील, असं कलम मी वकिलाच्या मागे लागून खरेदीखतात घालून घेतलं होतं. हाल्वर तेव्हा मोठ्याने हसला होता. म्हणाला, "खाली काय आहे सिग्ने, बेडकं?"

तर खाली तेल आहे. दोन मैल खोल आहे, पण आहे. गेल्या वर्षापासून कंपन्यांची माणसं काउंटी कचेरीत जुनी दप्तरं चाळत बसली आहेत, आणि कोणाच्या आजोबांनी काय विकलं आणि काय राखलं ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त पाठ झालं आहे. त्यांतला एक, ओक्लाहोमाचा मिस्टर हॉलोवे, परवा माझ्या स्वयंपाकघरात बसून गेला. माणूस गोड आहे. बूट मात्र स्वच्छ होते. मार्चमध्ये सोलबर्गात ज्याचे बूट स्वच्छ असतात, त्याच्यासमोर मी पेन हातात घेत नाही.

अर्धा हक्क माझा आणि अर्धा हाल्वरचा, म्हणजे आता तुझा. तेव्हा तो तुलाही गाठणार. सही करायला माझी हरकत नाही, आपण करूच. पण माझी एक अट आहे आणि ती कागदावर आल्याशिवाय मी हलणार नाही. जुनं घर आणि आजोबांनी लावलेली झाडांची रांग, यांच्यापासून अर्ध्या मैलाच्या आत खोदाईचं यंत्र उभं राहता कामा नये. हल्ली विहिरी खाली जाऊन आडव्या वळतात, दोन मैल लांबून आपल्या जमिनीखाली येतात. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. घर आता पाल्मरचं आहे, तुम्हाला काय त्याचं, असं तू विचारशील. पाल्मर भला माणूस आहे, त्याच्या खिडकीसमोर रात्रंदिवस गॅसची ज्योत जळत राहू नये, एवढंच समज.

आपण दोघांनी एकत्र राहायला हवं. एकट्याच्या सहीवरही ते आत शिरू शकतात, आणि मग माझ्या अटीला कोणी विचारणार नाही. म्हणून मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

नाताळात तू येऊ का म्हणून फोन केला होतास, मी नको म्हटलं, आणि तू आला नाहीस. ठीकच आहे. लेफ्सेच्या, बटाट्याच्या चाळीस पोळ्या चर्चमध्ये संपल्या.

तुझी,
सिग्ने आत्या


अस्टोरिया, ओरेगन
२४ मार्च २००९

प्रिय सिग्ने आत्या,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर बघून आधी वाटलं की शाळेतून माझी तक्रार आली आहे. बाबा म्हणायचे, तुम्ही शिकवलेल्या मुलांना सोलबर्गात अजूनही लांबूनच ओळखता येतं, पाठ ताठ असते म्हणून.

हॉलोवेसाहेबांचा फोन मलाही आला होता आणि कागदही आले. एकरी दीडशे डॉलर सहीचे, आणि तेल निघालं तर आठवा हिस्सा. खरं सांगू का, मला तर पैसे आकाशातून पडल्यासारखं वाटलं. मी दिवसभर मासेमारी बोटींची इंजिनं उघडतो. जे मी पाहिलं नाही, ज्याला हात लावला नाही, त्याचे कोणी पैसे देतं ही कल्पनाच मला गमतीची वाटते. बाबांनी कधी या हक्काबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात शेत यायचं ते फक्त थंडीचं वर्णन करताना.

तुमची अट समजली. मी लक्षात ठेवतो. इकडे सामन माशांचा हंगाम तोंडावर आहे, सगळ्यांना इंजिन कालच दुरुस्त करून हवं असतं. सवडीने लिहीन.

तुमचा,
नील्स


सोलबर्ग
११ एप्रिल २००९

चि. नील्स,

उद्या ईस्टर. हॅम ओव्हनमध्ये आहे, म्हणून तासभर रिकामा मिळाला आहे. हॉलोवेची गंमत तुला सांगायलाच हवी.

तुझी आई कॅलिफोर्नियाची, त्यामुळे तुला हे कोणी शिकवलं नसणार. आपल्या नॉर्वेजियन लोकांत कोणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. कॉफी असो, केक असो, गाडीतून घरी सोडणं असो. दुसऱ्यांदा विचारलं की जरा हळू आवाजात नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, अगदी थोडीशी." विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो तीनदा विचारतो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरा, आणि एकदाच विचारून थांबणारा कंजूष. तिसऱ्यांदाही नको आलं, तर मात्र ते खरंखुरं नको.

तर हॉलोवे पहिल्यांदा आला, कागद पुढे सरकवला आणि रक्कम सांगितली. मी सवयीने म्हटलं, "छे, राहू दे, एवढं कशाला." आणि केक कापायला वळले. वळून बघते तो कागद पिशवीत आणि हॉलोवे दारात. मी सुरी हातात धरून उभी. मनात म्हटलं, हा कुठला शिष्टाचार?

आठवड्याने परत आला, आणि रक्कम दुप्पट. आता दुसऱ्यांदा विचारल्यावर मी काय म्हणणार होते? जरा हळू आवाजात म्हटलं, नको. त्याच्या कपाळावर घाम आला. हळू आवाजामुळे तो जास्तच घाबरला असावा. तिसऱ्यांदा आला तेव्हा रक्कम चौपट झाली होती आणि आठव्याच्या जागी सहावा हिस्सा आला होता. रीतीप्रमाणे आता मला हो म्हणायला हवं होतं. पण माझी अट सांगितल्यावर तो म्हणाला की घराचं आणि झाडांचं कलम त्याच्या छापील करारात बसत नाही. मग मी तिसऱ्यांदाही खरंखुरं नको म्हटलं. फार बरं वाटलं.

तो चौथ्यांदा येणार. मला खात्री आहे. आमच्या चर्चमधल्या ग्लॅडिसने पहिल्याच दिवशी पहिल्याच रकमेला सही केली आणि आता तिथल्या तळघरात ती माझ्याकडे पाठ करून बसते. हॉलोवेने गावात सांगून ठेवलं आहे म्हणे की मिस ब्रेक्के म्हणजे उभ्या काउंटीतली सर्वांत कठीण म्हातारी. शाळेतल्या एकाही पोराने मला एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सगळं आहे. फक्त "मी सही केलेली नाही" हे वाक्य नाही. ते राहून गेलं असेल. पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
सिग्ने आत्या


अस्टोरिया
२० एप्रिल २००९

प्रिय आत्या,

ते वाक्य राहून गेलं नव्हतं. लिहिता येत नव्हतं. मी ११ मार्चला सही केली. तुमचं पहिलं पत्र १३ ला आलं. मागच्या पत्रात सांगायला हवं होतं, पण मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. आधी हे कबूल करतो.

हॉलोवेने ड्राफ्ट दिला आहे. कंपनीने कागदपत्रं तपासली की तीस कामकाजाच्या दिवसांत तो वटेल म्हणाला. माझ्या करारात घराचं काही नाही आणि झाडांचंही नाही. आठवा हिस्सा. तुमची केकची गोष्ट वाचताना मी हसलो आणि मग हसू आलं नाही.

पण आत्या, आता मी विचारतो, रागावू नका. ती शेती चोवीस वर्षांपूर्वी आपली राहिली नाही. त्या घरात दुसरं कुटुंब जेवतं. पाल्मरला ज्योतीचा त्रास होईल तर तो स्वतः भांडेल. तुम्ही या एका गोष्टीसाठी अडून बसलात, तर तेवढं प्रेम तेव्हाच दाखवायचं होतं. बाबांनी तुम्हाला विचारलं होतं. ते मला नेहमी सांगायचे: मी सिग्नेला म्हटलं, माझा अर्धा हिस्सा घे, घर ठेव, तिथे राहा. दोनदा विचारलं. ती नको म्हणाली. मग त्यांनी विकलं. यात त्यांचं काय चुकलं, की तुम्ही चोवीस वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीत आणि शेवटी मातीलाही आला नाहीत?

लिहिलं ते लिहिलं. आता खोडत नाही.

नील्स


सोलबर्ग
२७ एप्रिल २००९

चि. नील्स,

आधी कामाचं, कारण ते सोपं आहे. तुझ्या सहीची काळजी सोड. मी शुक्रवारी काउंटी कचेरीत जाऊन दप्तर पाहिलं. तिथे अजून हाल्वरचंच नाव आहे. ओरेगनात मृत्युपत्राचं काम झालं असेल, पण इथल्या कोर्टाने हुकूम केल्याशिवाय हा हक्क तुझ्या नावावर चढत नाही. कंपनीचा वकील हे बघेल आणि ड्राफ्ट न वटता परत येईल. ड्राफ्ट वटला नाही तर करारही नाही, असं त्याच कागदाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाच. घाईने केलेली सही कामाला आली नाही, हे तुझं नशीब. यापुढे नशिबावर जाऊ नकोस.

हाल्वरचे कागद शोध. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, जुनं खरेदीखत, जे मिळेल ते. ते घेऊन तुला एकदा इथल्या कोर्टात यावं लागेल.

आता दुसरं. त्याने दोनदा विचारलं हे खरं आहे. ते तुझ्याआधी मला माहीत आहे. पहिल्यांदा आईच्या अंत्यविधीनंतर भांडी पुसताना, दुसऱ्यांदा बँकेत जाताना त्याच्या गाडीत. मला फक्त एक सांग. तुझ्या समजुतीप्रमाणे त्याने ते मनापासून विचारलं होतं, की उपचार म्हणून? मला समजूत घालणारं उत्तर नको. उलट टपाली कळव.

सिग्ने


अस्टोरिया
१० मे २००९

प्रिय आत्या,

उलट टपाली जमलं नाही, कारण मी उत्तर शोधत होतो, आणि ते सापडलं.

ड्राफ्ट परत आला. तुम्ही म्हणालात तसंच झालं, चष्मा लावून वाचलं. पण ती गोष्ट आता मला एवढी मोठी वाटत नाही.

तुम्ही सांगितलेत म्हणून मी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. ते तिच्यात बोटीचे परवाने आणि इंजिनांची माहितीपत्रकं ठेवायचे, म्हणून कोणी तिला हात लावला नव्हता. तळाशी एक लांब पाकीट होतं. आतला कागद सोबत पाठवतो आहे. मूळ प्रत आहे, नक्कल नाही, जपून उघडा. १९८५ च्या जूनमधलं हक्कसोडपत्र. हाल्वर ब्रेक्के आपला संपूर्ण अर्धा हिस्सा, घर, शेती आणि खालचं जे काही असेल ते, बहीण सिग्ने हिला देतो. मोबदला एक डॉलर. तुमच्या हाती पडलाच नाही, म्हणून कायद्याने तो कधी लागू झाला नाही. खाली बाबांची सही आणि इथल्या नोटरीचा शिक्का. तारीख बघा. आजीच्या अंत्यविधीला निघण्याआधी तीन दिवस त्यांनी हे अस्टोरियातच करून घेतलं होतं. म्हणजे भांडी पुसताना त्यांनी तुम्हाला विचारलं, तेव्हा हा कागद त्यांच्या कोटाच्या खिशात होता.

मनापासून की उपचार, ते मी सांगायची गरज उरली नाही.

ते तुमच्याबद्दल वाईट कधी बोलले नाहीत. म्हणायचे, सिग्नेला तिथे राहायचंच नव्हतं, तिची बिचारीची चूक नाही, कोणाला त्या थंडीत राहायचं असतं? आणि मग दर वेळी शेवटी, "तिने घेतलं असतं तर उन्हाळ्यात जायला आपल्याला घर राहिलं असतं." तुम्ही बोलायचं का सोडलंत, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, किंमत कमी आली म्हणून.

तुमचं केकवालं पत्र काल पुन्हा काढून वाचलं. पहिलं नको, दुसरं नको, आणि मग तिसऱ्यांदा. मागच्या वेळी ते वाचून मी तुम्हाला "दोनदा विचारलं" असं ठणकावून लिहिलं होतं. काय लिहून बसलो ते आता कळलं.

आणि मी नाताळला यायला हवं होतं ना?

तुमचा,
नील्स


सोलबर्ग
१९ मे २००९

नील्स,

कागद मिळाला. टेबलावर ठेवला आहे. आज तिसरा दिवस, तिथेच आहे. मी दुसऱ्या बाजूला बसून जेवते.

मी तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. बँकेच्या दारापर्यंत. मग सह्या होईपर्यंत. पेन माझ्या हातात आलं तरी वाटत होतं की आता तो म्हणेल, "सिग्ने, नक्की ना?" त्याने विचारलं नाही, आणि मी ठरवून टाकलं की दोनदा विचारून त्याने भावाचं कर्तव्य उरकलं आणि तिसरं मुद्दाम गिळलं, कारण त्याला पैसे हवे होते. तो इथला मुलगा होता, त्याला रीत ठाऊक होती, असं मी चोवीस वर्षं स्वतःला सांगत आले. तो अठराव्या वर्षी नौदलात गेला होता. जहाजावर नको म्हणजे नकोच असतं, हे मला कधी सुचलं नाही. मुलांना मी तीस वर्षं उत्तर पुन्हा तपासून पाहा म्हणून शिकवलं, आणि हे एक मी एकदाही तपासलं नाही.

माझा धाकटा भाऊ मला घर द्यायला आला होता आणि मी त्याच्याशी बोलले नाही. हे मी कोणाला सांगणार? तुला सांगते.

कोर्टाची तारीख १६ जून. एवढ्या लांब यायची तसदी घेऊ नकोस, टपालानेही काम होईल.

वरची ओळ मी खोडली आहे, तुला दिसत असेल. ये. माळ्यावरची खोली झाडून ठेवते.

सिग्ने आत्या


अस्टोरिया
६ जुलै २००९

प्रिय आत्या,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला डबा मॉन्टॅनातच संपला. तीनदा नको म्हणेपर्यंत तू दोन डबे गाडीत टाकले होतेस, त्यातला दुसरा आयडाहोत संपला.

हॉलोवेचा चेहरा मला अजून दिसतो. चौथ्यांदा येणार म्हणून तू सांगितलंस ते खरं, पण या वेळी बूट चिखलाने भरलेले आणि आल्या आल्या त्याने ते दाराबाहेर काढले. तू मला डोळ्यांनी खूण केलीस, हा आता सुधारला म्हणून. त्याने तुझं कलम वाचलं, घर आणि झाडं, अर्धा मैल, आणि म्हणाला, "मिस ब्रेक्के, ऑफिसातले मला वेड्यात काढतील." आणि तू म्हणालीस, "मग कॉफी घ्या आणि शांतपणे वेडे व्हा."

तो केकला नको म्हणाला. बिचाऱ्याला खरंच नको होता. पण तू विचारत राहिलीस आणि तो घाबरून खात राहिला, तीन तुकडे. तिसऱ्या तुकड्याला त्याने फोन करून विचारलं आणि पाचवा हिस्सा कबूल केला. बाहेरच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, पाल्मरला चालेल तिथे यंत्र, आणि तिथून आडवी विहीर. आपण दोघांनी एकाच पानावर सह्या केल्या. तुझी सही आधी आणि माझी खाली. ते पान मला फार आवडलं.

आता जे तू मला सांगितलं नाहीस ते. निघायच्या दिवशी मी पाल्मरचा निरोप घ्यायला गेलो होतो. धान्याच्या कोठाराशी उभा राहून तो म्हणाला, "तुझी आत्या दर रविवारी चर्चमधून येताना आमच्या टपालपेटीपाशी गाडी थांबवते. दहा मिनिटं. चोवीस वर्षं. आम्ही तिला आत बोलावलं, तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदाही नको म्हणाली, म्हणून मग सोडून दिलं." अट पाल्मरच्या खिडकीसाठी होती म्हणे. आत्या, तू खोटं फार वाईट बोलतेस.

पुढे ऐक. पाल्मर आणि त्याची बायको आता अ‍ॅरिझोनात जाणार आहेत. शेती मुलगा करील, पण त्याने स्वतःचं नवं घर बांधलं आहे, जुनं त्याला नको. घर, दहा एकर अंगण आणि झाडांची रांग वेगळी काढून विकायची आहे. मी किंमत विचारून आलो आहे. तुला सांगितलं नाही, कारण तोंडावर विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते आता मला पाठ आहे.

मी काहीही गृहीत धरणार नाही. सोबत तीन पाकिटं आहेत, त्यांवर आकडे घातले आहेत. आधी क्रमांक एक उघड. तुझं उत्तर "नको" असेल तर क्रमांक दोन. तेही नको असेल तर क्रमांक तीन. बाबांकडून राहिलं ते माझ्याकडून राहू नये.

तुझा,
नील्स

(पाकीट क्रमांक १)

आत्या, सहीचे माझ्या वाट्याला आलेले पैसे घालून मी पाल्मरकडून घर, अंगण आणि झाडं घेतो आहे. खत तुझ्या नावावर करायचं आहे, मोबदला एक डॉलर. बाबांच्या कागदावरची तारीख बदलता येणार नाही, पण काम तेच आहे. मी उन्हाळ्यात येत जाईन. घेशील का?


सोलबर्ग
१४ जुलै २००९

चि. नील्स,

पाकीट क्रमांक एक उघडलं. दोन आणि तीन न उघडता याच लिफाफ्यातून परत पाठवते आहे. त्यांत काय लिहिलं होतंस ते मला जाणून घ्यायचं नाही. जपून ठेव, पुढे कोणाला तरी उपयोगी पडतील.

हो.

मला ते घर हवं आहे. १९८५ सालीही हवं होतं. तेव्हा एवढं एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलली नाही आणि त्याची शिक्षा मी हाल्वरला दिली. आता त्र्याहत्तराव्या वर्षी हावरी म्हणून कोणी नावं ठेवली तर ठेवू दे. काल ग्लॅडिसला सांगितलं की मी पहिल्याच फटक्यात हो म्हणाले, तर ती कॉफीचा कप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. निदान पाठ तरी फिरवली नाही.

काल रविवार नव्हता, तरी मी टपालपेटीपाशी गाडी थांबवली आणि या वेळी उतरले. पाल्मरच्या बायकोने दार उघडून आत येतेस का म्हणून विचारलं आणि मी सरळ आत गेले. बिचारी पुन्हा विचारायला तोंड उघडून उभी होती. स्वयंपाकघराला तिने हिरवा रंग दिला आहे, तो आधी जाईल. भांडी पुसायची जागा तिथेच आहे, खिडकीखाली. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि हाल्वरला जे सांगायचं ते सांगितलं.

तो एक डॉलर मी तुला रोख देणार आहे, पावती लागेल.

हॉलोवेचा फोन आला होता. विहिरीला हक्कदाराचं नाव देतात, कोणतं लिहू म्हणून विचारत होता. मी हाल्वर ब्रेक्के लिहायला सांगितलं. खाली बेडकं आहेत म्हणाला होता, आता बघू दे स्वतःच.

माळ्यावरची खोली या वेळी त्या घरातली असेल, जिथे तुझे बाबा झोपायचे. लेफ्सेसाठी बटाटे ऑक्टोबरात घेऊन ठेवते.

नाताळला ये. एकदाच सांगते आहे.

तुझी,
सिग्ने आत्या